बी सत्तावीस

उदगीरच्या दवाखान्यात, जिन्याखालच्या खोलीत
मी जांभळ्या टोपणाच्या नळ्या मोजते.
अकराच्या आत चौतीस.
त्यातली एक केवळाबाईची.
सातशे बारा. सहाशे नव्वद. सातशे चाळीस.
पहिल्यांदा वाटलं, चिठ्ठ्या बदलल्या.
दुसऱ्यांदा पुन्हा सुई लावली,
तिनं दुसरा हात पुढं केला, म्हणाली,
"ह्यात तरी बघा, ह्यात असंल."

होता. दोन्ही हातांत होता.
नुसता बसून होता, एकोणीस वर्षं.

व्यंकट हैदराबादच्या टँकरवर.
त्याचाच विषाणू, त्याच घरातला, त्याच अंथरुणातला,
आणि त्याचा आकडा नव्वद, मग चाळीस, मग नऊ.
नऊचा कागद मीच लिहिला,
नऊच्या पुढं अक्षरातही लिहायचं असतं.

सासरचा हिशेब सरळ होता.
तो वाळला, ही तरारली,
म्हणजे हिनंच आणलं.
तेराव्याच्या आधीच तिची पेटी अंगणात,
पेटीवर तिच्या चपला.

पुण्याच्या लोकांनी अभ्यासासाठी रक्त नेलं.
चौदा महिन्यांनी एक ओळ आली:
बी, एक तारा, सत्तावीस.
डॉक्टरांनी मला सांगितलं, मी तिला.

हाळीच्या बाजारात कधी गेलीस?
"जन्म गेला की. बाप दुसऱ्याची जनावरं हाकायचा."
मग ऐक. चोराचा बैल पकडायचा तर खूण दाखवावी लागते.
व्यंकटच्या रक्तानं शिंगांचा रंग दाखवला.
शिंगं काय, रात्रीतून तासून रंगवतात,
सकाळी बैल ओळखू येत नाही.
तुझं रक्त जबडा उघडून दात दाखवतं.
दात बदलले तर बैलाला चरताच येत नाही.

ती हसली. मग कंबरेवर हात ठेवून,
"आन् ह्ये पाठीचं?
पहाटं उठताना लाकूड होतं. ह्ये कुणाचं?"

त्याचंच.
त्याच अक्षरापायी मणके एकमेकांना धरून बसतात.

तेव्हा तिनं बापाचं सांगितलं. सटवाजी.
गाव त्याला ताठ्या म्हणायचं.
बाजूला बघायचं तर अख्खा देह फिरवायचा.
एकदा चावडीपुढं पाटील म्हणाला, लव.
हा लवला नाही.
चाबकाच्या मुठीनं मानेवर मारलं, लव.
"रडत म्हणत व्हता, लवत न्हाई मालक, दुखतंय.
म्या पदराआड हुते, म्या ऐकलंय."
पुढं वस्तीनं त्याची गोष्ट केली,
मान न झुकवणाऱ्या माणसाची.
जयंतीला अजून कुणीतरी माईकवर सांगतं.
ती मागं बसून ऐकते,
कुणाला दुरुस्त करत नाही.

आता नियम बदललाय, आकडा कितीही असो,
गोळी सगळ्यांना. तिलाही.
"मंग बापाचं फुकट गेलं म्हणा."
नाही, म्हटलं,
एखादा बैल कधीतरी नव्या दातांनी येतोच,
चरायलाही शिकतो.
तिला पटलं की नाही कळलं नाही.

मग बराच वेळ पिशवीचा बंद गुंडाळत राहिली.
"जयमालाला आलं असंल का हे?"
लेक लातूरला नर्सिंगला. तपासणी स्वच्छ.
निम्मी शक्यता, मी म्हटलं.
"निम्मी कशाची, पाठीची का राखणीची?"
एकच आहे ते.
"पोरीला रोग न्हाई.
मंग तिला नुसती पाठच की हो."

माझ्याकडं याला उत्तर नव्हतं.
सदतिसाव्या नळीवर नाव पुसट होतं,
मी ते गिरवत बसले.

ती दारापर्यंत गेली.
गोळ्यांची बाटली टेबलावर राहिलेली.
केवळाबाई, मी हाक मारली.

ती वळली.
आधी पाय, मग कंबर, मग खांदे,
सगळी एकदम,
जसं दार वळतं.