दोन बिल्ले

टेबलावर माझे दोन बिल्ले होते.
एकावर सुगंधा कडोलकर,
दुसऱ्यावर सुगंदा कडोलीकर.
ध चा द झाला होता;
मा झाला नाही, एवढं नशीब.

निळ्या टी-शर्टातल्या ईरण्णानं
दोन्ही हातात तोलत विचारलं, यावुदु निम्दु?
मी म्हटलं, एरडू.
तो हसला आणि देऊन टाकले.
दोन दोऱ्या, दोन पेनं,
जेवणाची दोन कुपनं.

उद्यमबागेतल्या फौंड्रीत मी सर्व्हर सांभाळते.
म्हणजे भट्टीच्या काळ्या धुळीपासून
एक पेटी वाचवते,
दर शनिवारी तिच्या पंख्यांच्या जाळ्या
दात घासायच्या ब्रशनं झाडते.
इथं हॉलमध्ये असा गारठा सोडला होता
की मी मशीन असते तर सुखात चालले असते.
माणूस होते, म्हणून ओढणी घट्ट केली.

बेंगळुरूचे साहेब पडद्यावर
दोन वर्तुळं एकमेकांवर सरकवत होते.
एक माणूस, एक नोंद.
ब्याण्णव टक्के जुळलं, की एक करून टाका.
शेजारचा खानापूरचा पोरगा
वहीत ब्याण्णवला चौकट करत होता.

मला भरमा मामा आठवले.
मोल्डिंगला एकतीस वर्षं.
पीएफात भरमाणी, बँकेत बी. वाय.,
आणि आधारवर कुणीतरी शुद्धलेखन केलेलं: ब्रह्मा.
सृष्टी निर्माण करणाऱ्याचे पैसे
अकरा महिने हुबळीत अडकलेत.
पत्ता एका कागदावर बेळगाव, एकावर बेळगावी,
पिनकोड तेवढा कुणाशी भांडत नाही.

माईक हातोहात माझ्यापर्यंत आला.
प्रश्न मराठीत सुचला होता,
इंग्रजीत जुळवत होते,
घशाशी आल्यावर त्यात कन्नडही शिरलं.
कसाबसा विचारला:
उरलेल्या आठ टक्क्यांत जो माणूस राहतो,
त्याचं काय करायचं?
उत्तम प्रश्न, साहेब म्हणाले, चहाला बोलू.
चहाला ते नव्हते.
सांबऱ्याहून दुपारचं विमान होतं.

चहाची रांग मात्र आपली होती.
‘खरं वायफाय कुठं लागूलंय बे?’
‘पासवर्ड बरोबर हाय, खरं घेईना.’
आमच्याकडं खरं म्हणजे पण.
हे कुठल्या यंत्राला सांगावं?

बाहेर पार्किंगमध्ये
शिट्टी फुंकत गाड्या मागं घेणारा माणूस वळला
तर मामाच.
खांद्यावर सेक्युरिटीची पट्टी,
मनगटावर वितळलेल्या लोखंडाचा जुना डाग.
‘तू काय करूलीस गं हितं?’
‘शिकूलोय, मामा. जेवलासा?’
‘न्हाई. आमचं डबं दोनला.’

मी दुसरी दोरी त्यांच्या गळ्यात घातली.
दारावरच्या यंत्रानं टुक् केलं,
हिरवं झालं:
स्वागत, सुगंदा.
मामांनी टोपी काढून यंत्राला नमस्कार केला.

भात घेतला, आमटी घेतली,
कुंदा दोनदा घेतला.
मग सगळीकडं बघत म्हणाले,
‘ह्ये सगळं कशाचं गं?’
‘नावं जुळवायचं.’
‘जुळली काय?’
‘अजून न्हाई.’
हं, म्हणाले, आणि तिसरा कुंदा
कागदी रुमालात बांधला. घरी मामी.

सोमवारी सकाळी
यादीत त्यांच्या तीन ओळी निवडून
मी पीएफच्या हापिसाला चौथं पत्र टाइप केलं.
त्या एक व्हायलाच हव्यात.
खाली माझ्या दोन होत्या,
आयोजकांच्या मेलमध्ये, एकाखाली एक,
कोणती खरी ते कळवा, म्हणून विचारणाऱ्या.

मी ब्रश घेतला
आणि पंख्यांच्या जाळ्या झाडायला लागले.
शनिवार नव्हता.