पोच

डिसेंबर लागला की बर्डीवरच्या दुकानात
रात्री दोनलाही टाइप करून राहतो मी.
फाइल एकच. नाव : निवेदन_शेवटचं.
वर 'प्रति, माननीय', खाली 'आपले विश्वासू',
मधल्या मागण्या त्याच.
मी फक्त साल बदलतो. कधी माननीय.

विनाअनुदानित शाळेचे गुरुजी येतात.
पहिल्या वर्षी फक्त शर्ट पांढरा होता.
अंगणवाडीच्या बाया चिल्लर मोजतात,
विचारतात, "भाऊ, 'नम्र' ठेवू का काढू?"
राहू द्या म्हणतो. दोनच अक्षरं आहेत.

मोर्चा टी-पॉइंटला अडतो.
पाच जण आत जातात, पोच घेऊन येतात :
निळा शिक्का, गिचमिड सही.
तिच्या लॅमिनेशनचे तीस रुपये.
खरं सांगू? यंदा टायपिंगपेक्षा
लॅमिनेशनच जास्त झालं.

परवा शटर अर्धं ओढलं होतं,
तर टेंभुर्णे हवालदार वाकून आत आला.
दिवसभर बॅरिकेडला उभा होता तो,
गुरुजींच्या छातीला काठी आडवी लावून.
म्हणे, क्वार्टरच्या स्लॅबचा तुकडा पडला,
पोरीच्या ताटात. वरणासकट.
चार वर्षं झाली अर्ज देऊन.
"माझं नाव नको टाकू बावा, नोकरी जाईन.
बायकोचं टाक."

मी तीच फाइल उघडली.
गुरुजींचं नाव खोडलं,
वहिनींचं तिथं बरोब्बर मावलं.
तो 'नम्र'वर बोट ठेवून उभा राहिला जरा वेळ,
काही बोलला नाही.

जाताना लॅमिनेशनचे तीस रुपये
आधीच ठेवून गेला.