खिळ्याएवढं लोखंड

रेडीच्या दवाखान्यात बुधवारी
रांगेत सगळ्यात शेवटी उभी राहते ती.
शालन रेडकर. वय छत्तीस. काम, खाणीवर.

बोटाला सुई टोचली तर
थेंब आला तो इतका पातळ
की काचेवर ठेवून पलीकडचं
कॅलेंडर वाचता आलं असतं.
सहा पॉइंट आठ.

मी आकडा लिहिते, ती खिडकीबाहेर बघते.
बाहेर सगळं लोखंडच आहे.
रस्ता लाल, कडेच्या माडांची झावळं लाल,
धक्क्यावरच्या बार्जचं पोट त्यानंच भरलेलं,
दोरीवरचा शाळेचा सफेद शर्ट
दुपारपर्यंत विटकरी.
"बाय, येवडा लोखंड आमच्या गावात," ती म्हणते,
"बोटी भरान परदेशात जाता.
मगे माझ्याच रगतात कसा नाय?"

मला उत्तर येतं. पुस्तकातलं.
गंजलेलं लोखंड आतड्याला ओळखू येत नाही,
दारापर्यंत येतं आणि परत जातं.
आणि बाई, तुला ते लागतं तरी किती?
अख्ख्या देहाला मिळून एका खिळ्याएवढं.

खिळे मला ठाऊक आहेत.
माझे वडील वेंगुर्ल्याच्या बंदरावर होड्या बांधत.
तोंडात खिळे धरूनच बोलायचे,
म्हणून त्यांचं कुठलंच वाक्य मी पूर्ण ऐकलेलं नाही.
एवढं मात्र ऐकलंय :
राहून गेलेल्या खिळ्याच्या भोकातून
समुद्र आत येतो,
हळूच, घरचाच असल्यासारखा.

डॉक्टर म्हणाले, तोंड उघड.
यशोदेला दिसलं होतं तसलं काही नव्हतं.
गुळगुळीत जीभ, ओठांचे कोपरे चिरलेले,
आणि खालच्या दाढेमागे एक लाल रेघ.
त्यांना ती पानाची वाटली.
मला नाही.

सगळे गेल्यावर मी दार लोटून घेतलं.
"कधीपासून खातंस?"
तिनं पदराची गाठ मुठीत धरली.
त्या गाठीत पैसे नव्हते.

माती खाल्ली, असं आपण म्हणतो
कुणी घराची अब्रू घालवली की.
म्हणून नवऱ्याला सांगितलं नाही तिनं,
सासूला तर नाहीच.
रात्री उठून, चुलीमागे, चोरासारखी,
ढेकूळ जिभेवर विरेपर्यंत.
"वास इलो काय जीव रवना नाय."
काय कमी आहे ते शरीराला कळलं होतं,
पत्ता तेवढा चुकीचा.

मग जंताची गोळी.
चपला घाल म्हटलं, खाणीवर, आणि परसातसुद्धा.
मग लोहाच्या गोळ्या;
कोऱ्या चहाबरोबर नको गं, लिंबाच्या पाण्याबरोबर.
शौचाला काळं होईल, घाबरू नकोस.

पुढच्या बुधवारी ती बहिणीला घेऊन आली,
शिरोड्याच्या मिठागरातली.
गळ्यावर लिंबाएवढी गाठ, पोवळ्यांच्या माळेखाली.
जन्मभर हिनं समुद्र वाळवला,
पण वाळताना समुद्र मीठ मागे ठेवतो,
आयोडीन नेतो.
घरात खायला तेच, फुकटचं, जाडं.
सगळ्या आयुष्याला मिळून
चमचाभर पुरलं असतं ते.
हे मी तिला सांगितलं नाही.
म्हटलं, मीठ दुकानातलं घे,
आणि गळा सावंतवाडीला दाखव.

शिमगा झाला. आंबे संपत आले.
शालन आली तेव्हा पायांत निळ्या रबरी चपला.
नऊ पॉइंट सहा.
थेंब काचेवर थांबला, जरा घट्ट,
पलीकडचं कॅलेंडर दिसलं नाही.

"आणि माती?" मी हळूच विचारलं.
ती हसली. मग हसू आवरलं.
"परवा खाऊन बघलंय.
मातयेसारी लागली."
आणि काहीतरी हरवल्यागत
खिडकीबाहेरच्या डोंगराकडे बघत राहिली,
जो रोज जरा जरा
बोटीत चढतो आहे.