बुचभर

वडनेर रोडवरच्या जिनिंगात मी काट्यावर बसतो.
ट्रॅक्टर येतो भरलेला, मोजतो.
जातो रिकामा, मोजतो.
मधलं उरतं तो कापूस.
अकरा वर्षं हीच वजाबाकी,
आणि टेबलाच्या खालच्या कप्प्यात, ओल्या फडक्यात गुंडाळून,
चांदीच्या रंगाचा गार डबा.

शुगर निघाली त्या वर्षी चहा सोडला
अन् हा धरला.
साखर नाही यात. शून्य, असं बाहेरून छापलेलं.
शून्याला कितीनंही गुण, मी रत्नाला सांगायचो,
शून्यच येते.
दिवसाला सहा. उन्हाळ्यात आठ.
रत्ना काही बोलायची नाही.
रिकामे डबे पोत्यात भरून भंगारवाल्याला द्यायची,
त्या पैशातून गॅसचं लायटर घ्यायची, सुया,
एकदा चपला.

नागपूरच्या मॅडम हळू बोलतात.
ऑपरेशननंतर पोट केवढं राहील
ते त्यांनी केळं दाखवून सांगितलं.
सोललेलं.
फेसाचं काही चालणार नाही, आजपासूनच.
नळीनं नाही, घटाघटा नाही.
घोट घोट. बुचभर.
मी विचारलं, शून्यवालं पण?
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
मी पाहतो तसं,
कापसावर पाणी मारून आणणाऱ्याकडे.

पहिले चार दिवस कपाळात जिन चालू होतं.
पावती फाडताना आकडे दोन-दोन दिसायचे,
मुनीमजीवर उगाच खेकसलो,
रत्नानं केलेल्या सांबारवडीचा वाससुद्धा नको झाला.

पाचव्या दिवशी चिंधूजी राऊत दुकान पोराच्या भरोशावर टाकून
काट्यावर आला.
"अख्ख्या गावात तूच एकटा पेत होता बे.
हिंगणघाटून तुह्यासाठी खोके आनतो मी.
दोन पडून हायेत.
लेकरं तोंडात घेते अन् थुकते, कडू लागते म्हनते.
आता काय म्हशीले पाजू?"
परत दे, म्हटलं.
"परत घेत नाही थो."
मग आम्ही दोघं सरकीच्या ढिगावरच्या चिमण्या पाहत बसलो.
बऱ्याच वेळानं तो म्हणाला,
"पोट कापतेत म्हंजे, दुखन ना?"
दुखन.
"मंग राहू दे खोक्याचं," म्हणाला,
आणि जाताना पायरीवर हात देऊ का, असं विचारायला वळला,
विचारलं नाही.

त्या रात्री शेवटची गाडी गेल्यावर
चपला काढून मी प्लॅटफॉर्मच्या मधोमध उभा राहिलो.
एकशे चाळीस.
हा काटा दहा-दहा किलोनंच बोलतो,
त्याखालचं त्याला ऐकू येत नाही.
तीन आठवडे झाले. आजही एकशे चाळीस.
नागपुरात साडेचार कमी निघाले,
तो कागद खिशात आहे.
आमच्या काट्याला अजून कळवलं नाही.

तहान ती नव्हतीच. तहान माठानं भागते.
मला पाहिजे असायचा तो आवाज,
दुपारी अडीचला,
पत्रा तापून कडकड वाजत असताना
अंगठ्याखाली काहीतरी सुटल्याचा.
एवढ्या मोठ्या अंगणात, एवढ्या गाड्यांत,
एक गोष्ट फक्त माझ्यासाठी उघडली, असा.
हे मॅडमना सांगता आलं नाही.
किती पिता, याला फॉर्ममध्ये रकाना होता.

आता ट्रक येऊन काट्यावर थांबतो,
ब्रेकची हवा सुटते, फस्स,
आणि माझ्या तोंडाला पाणी सुटतं.
ड्रायव्हर खिडकीतून ओरडतो, कितीक भरलं?
मी बाटलीचं बूच काठोकाठ भरतो,
ओठाला लावतो,
मनात वीस मोजतो.
थांब, म्हणतो,
काटा अजून हलून राह्यला.