दार लोटून घे

सर म्हणतात, एक आग, एक पाणी.
दरवर्षी म्हणतात, पहिल्या वाचनाला,
सीताबर्डीवरच्या शाळेच्या हॉलमध्ये कूलर खडखडत असतो
आणि सगळे माना डोलावतात.

मी डोलावत नाही. मी प्रॉम्प्टर.
दिवसा इतवारीच्या सहकारी बँकेत नोटा मोजते,
संध्याकाळी विंगेत बसून दोघींचे श्वास.
वहीत अकरा वर्षांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत.

धाकटी जाऊ कालिंदी
प्रत्येक ‘नाही’च्या आधी तीनदा श्वास घेते.
थोरली शांभवी ‘हो’ म्हणताना एकदाही नाही.
तिचं हो सकाळीच तयार असतं,
पोळ्यांसारखं, फडक्यात गुंडाळलेलं.

कालिंदीचा राग रोकड. हातात आला की खर्च.
शांभवीचा मुदतठेवीत.
तिसऱ्या अंकापर्यंत व्याज एवढं साचतं
की कमरेचा किल्ल्यांचा जुडगा नुसता हलला
तरी पुढच्या रांगेतले पुरुष सावरून बसतात.

कालिंदी जाते. टाळ्या घेऊन जाते.
तिला वाटतं, आपण घर सोडलं.
मला वाटतं, ती भ्यायलेली असते
की राहिलो तर दहा वर्षांनी आपलीच शांभवी होईल.
आणि शांभवी? त्याग, सर म्हणतात.
त्याग कसला.
तिला एवढंच हवं आहे की तिच्यावाचून
या घरातलं एक कपाटही कोणाला उघडू नये.

हे मी बोलले नाही कधी. प्रॉम्प्टरला कोण विचारतं.

मग त्या मे महिन्यात, पारा शेहेचाळीसवर,
आमच्या शांभवीला, पुष्पलता गोतमारेला, ऊन लागलं.
कांद्याचा रस, पन्हं, सलाईन, सगळं झालं.
सर म्हणाले, "तुला तर पाठच आहे. उभी राहा."
कालिंदी करणारी मंदा उमाठे पदर खोचत म्हणाली,
"काहून घाबरून राहिली? मी आहे ना."

दोन अंक निभले.
तिसऱ्यात ती उंबऱ्यात थांबली, पाठमोरी.
आता माझं वाक्य: जा. दार लोटून घे.
अकरा वर्षं ते ओठांत धरून होते,
पुष्पलता विसरलीच तर म्हणून.
ती कधी विसरली नाही.

मी विसरले.
विंगेकडे पाहिलं. तिथे माझं रिकामं स्टूल,
त्यावर वही, वहीवर पेन्सिल.

पंखे ऐकू येऊ लागले.
बाहेर रस्त्यावर कोणीतरी हॉर्न दाबून धरला.
जुडगा घामाने मुठीत निसटत होता,
आणि खरं सांगते, वाक्य आठवलं
तरी मी ते म्हटलं नाही.
म्हटलं, बघू,
मी जा म्हटल्याशिवाय ही जाते कशी.

मंदाचा ब्लाउज पाठीवर भिजला होता.
सवयीने मी मोजले. एक, दोन, तीन.
चौथा आला. हा वहीत नव्हता.
न वळता, चौकटीला सांगावं तशी ती पुटपुटली,
"जा. दार लोटून घे."

मला उसनं देत होती की मलाच सांगत होती,
तिलाही माहीत नाही म्हणते.

मी गेले.
कालिंदी उंबऱ्यात तशीच. पडदा पाडणाऱ्या दिनकरला
काय करावं कळेना.
सर आठवडाभर बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी काउंटर उघडताना पर्समध्ये जुडगा सापडला.
पत्र्याच्या सात किल्ल्या,
एकही कशाला लागत नाही.
मी बसल्या बसल्या तिन्ही ड्रॉवरना लावून पाहिल्या.