उतार

बॅगा आदल्या रात्रीच वजन करून ठेवलेल्या.
एकीत दीड किलो जास्त निघालं
म्हणून ह्यांनी नवे जाड बूट बाहेर काढले;
पायातच घालून जातो, म्हणाले.
विमान रात्रीचं. मधे एक अख्खी दुपार उरली
आणि तिचं काय करावं कुणालाच सुचेना,
तेव्हा जावई म्हणाला, रॉक्सिटर बघून येऊ,
वीस मिनिटांवर आहे.

रोमन लोकांचं गाव.
गाव म्हणजे गवत. गवतात गुडघाभर भिंती,
आणि एकच उंच भिंत, तिला मधोमध भगदाड,
त्यातून पलीकडच्या मेंढ्या दिसत होत्या.
मी साडीवर ग्रेगचं जॅकेट घातलेलं,
बाह्या बोटांच्याही पुढे.

हे चाळीस वर्षं कराडच्या नगरपालिकेत, पाणीपुरवठ्यात.
पंचवीस दिवस राजवाडे पाहिले, चर्च पाहिली,
हात मागे बांधून, पाहुण्यासारखे.
इथे आले आणि हात सुटले.
फलकावर लिहिलं होतं, हे न्हाणीघर:
गरम खोली, कोमट खोली, गार पाण्याचा हौद.
फरशीखाली विटांचे बुटके खांब,
त्यांच्यामधून धग फिरायची.
ह्यांनी विटेला वीत लावली. मग चिखलात गुडघा टेकून
एक डोळा मिटला आणि दगडी गटाराकडे
बघत राहिले.
"उतार बरोबर धरलाय."
जणू उद्या कुणाचं बिल पास करायचं होतं.

इवानने बाटलीतलं उरलेलं पाणी त्यात ओतलं.
ते हातभर गेलं,
मग मातीत मुरायला लागलं.
"आजोबा, थांबलं."
हा शब्द त्याला येतो
हे मला त्या दिवशी कळलं.
"गाळ भरलाय रे. साफ केलं की जाईल."

आत काचेमागे एक वीट होती.
ओली असताना तिच्यावरून कुत्रं चालत गेलेलं.
चार बोटं, खाली गादी, स्पष्ट.
कुणीतरी ओरडलं असणारच.
आपल्या 'हाड'ला
ते लोक काय म्हणत असतील?

केतकी भिंतीच्या आडोशाला उभी होती, पाठमोरी.
वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतंय, म्हणाली.
मी म्हटलं, वारा आहेच आज.
मग तिने माझ्या बाह्या दुमडून दिल्या,
आधी डावी, मग उजवी,
लहानपणी मी तिच्या दुमडायचे तशा,
आणि आम्ही दोघी गाडीकडे निघालो.

विमानतळावर बूट ट्रेमध्ये ठेवले,
तळव्यांना चिखल तसाच.
पुसायला रुमाल काढला तर हे म्हणाले,
असू दे.

कराडला आल्यावर तिसऱ्या दिवशी
मोरीत बूट घासायला घेतले.
तिथली माती आपल्यापेक्षा काळपट.
पाण्याबरोबर फरशीवरून सावकाश निघाली,
जाळीपर्यंत गेली,
आणि थांबली.

मी खराटा हातात धरून उभी.
बराच वेळ ते साफ केलं नाही.