विसर्ग

मॅलकी आणि फिंटन, सख्खे भाऊ,
एकाच हिवाळ्यात माझ्या पडद्यासमोर आडवे झाले.
गॉलवेच्या खाडीवरून आलेला वारा
इस्पितळाच्या भिंतीला खांदा लावून ढकलत होता.

मॅलकी म्हणाला, "मला राहणारं द्या.
बसवलं की बसवलं."
त्याची बायको नोरीन गावाबाहेरच्या कारखान्यात
मायक्रोस्कोपखाली स्टेंट तपासते.
केसाएवढ्या धातूच्या कड्या,
एखादीला कूस दिसली की अख्खा बाजूला.
"माझ्या नजरेखालून गेलेला असेल हाही,"
ती म्हणाली, आणि उगाच हात धूत राहिली.

फिंटन परांच्या बांधतो.
चर्चची छपरं, शाळा, बंदरावरची गोदामं.
"काम झाल्यावर परांची उतरवत नाही
तो कसला कारागीर?"
चाचणीची चौदा पानं त्यानं चष्मा पुसत वाचली,
मग सही.
त्याला दोन जागी विरघळणाऱ्या जाळ्या.
तीन वर्षांत जायच्या होत्या,
मागे उरणार होतं ते आम्लही
ताकातल्या आंबटपणाच्याच जातीचं.

मी फक्त पडदा बघते.
पडद्यावर मॅलकीची धमनी
प्रत्येक ठोक्याला लवते,
आणि अठरा मिलिमीटरपुरती लवत नाही.
लग्नाच्या फोटोत ताठ उभा राहिलेला
एखादा काका असतो, तशी.
पण रक्त वाहतं. रोज. बिनबोभाट.

फिंटनला दुसऱ्या वर्षी,
शिडीच्या चौथ्या पायरीवर, छातीत कळ आली.
खालची जाळी अर्धी विरघळली होती,
उरलेली अर्धी आत कोसळून पडलेली,
तिच्यावर गाठ.
परांची उतरवायचीही एक रीत असते,
वरून खाली, एकेक नळी, हाक देत.
इथे कुणी हाक दिली नव्हती.
डॉक्टर क्विनलननी त्याच जागी, त्या मोडतोडीच्या आत,
धातूचा स्टेंट फुलवला. सतरा मिनिटं लागली.
पुढे त्या जाळ्या कपाटातून गेल्या,
कंपनीचं एक पत्र आलं, नीट टाइप केलेलं.

आता मॅग्नेशियमच्या आल्यात म्हणे, वर्षभरात जाणाऱ्या.
फिंटन विचारतो. खरंच विचारतो, अजूनही.
मॅलकी त्याला गाढव म्हणतो,
आणि दोघं एकाच डबीतून
सकाळच्या गोळ्या घेतात.

काल तपासणी होती. फिंटनची वरची जागा,
जिच्याबद्दल कुणी काही बोलत नाही,
ती मी मोठी करून पाहिली.
तिथली जाळी गेली होती. मुकाट, वेळेवर.
धमनी लवत होती.
मागे राहिलेले प्लॅटिनमचे दोन ठिपके
एकावर एक,
शब्द संपल्यावर माझ्या लिपीत देतात तसे.

"काय दिसतंय?" फिंटननं विचारलं.
मी म्हटलं, "काही नाही."
तो घाबरला.
मग मला समजावून सांगावं लागलं.